ढाल धरलेले दोन हत्ती

बाबा,

मुलुंडची आपली बिल्डिंग पाडायला घेतायत. घर रिकामं करताना माळ्यावरून तुमचे सहा अल्बम खाली काढले. वकिलाच्या ऑफिसातलं टायपिंग आटोपून तुम्ही घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडे जायचात आणि संस्थानांच्या कोर्टांतले जुने अर्ज आणून या अल्बमांत लावायचात. प्रत्येकावर महसुली तिकीट, तिकिटावर कुठल्यातरी राजाचा सिंह नाहीतर मोर. मी सातवीत होते. ढाल धरलेले दोन हत्ती मला इतके आवडले, की तो अर्ज बशीतल्या पाण्यात भिजवून मी तिकीट सोडवलं आणि वहीत चिकटवलं. अर्जाचा लगदा झाला. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "तुला हत्ती दिसले. खाली कुणीतरी काहीतरी मागत होतं, ते गेलं." मग चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि मी परत कधी अल्बमला हात लावला नाही.

तीनेक महिन्यांपूर्वी एक व्यापारी ते बघायला आला. मी देऊन टाकणारच होते. त्याला फक्त तिकिटं हवी होती, कागद नको. चहा संपवून त्याने शांतपणे बॅगेतून कात्री काढली आणि माझ्या तोंडून निघालं, "राहू दे. मला द्यायचे नाहीत." त्याला काही कळेना, खरं तर मलाही.

ते अर्ज मोडी लिपीत आहेत. मोडी तुम्हालाही येत नव्हती, रिटायर झाल्यावर शिकेन म्हणायचात. आता मी दर रविवारी पार्ल्याला मोडीच्या वर्गाला जाते. पहिला अख्खा अर्ज उलगडायला तीन रविवार गेले. एका विधवा बाईचा आहे. दिरांनी घराबाहेर काढलंय, पडवीतली एक खोली आणि चुलीपुरती जागा मिळावी, एवढंच तिचं मागणं. मागच्या बाजूला वेगळ्या अक्षरात शेरा: खोली द्यावी, ही हयात असेपर्यंत तिला कोणी उठवू नये. मी तो वर्गात मोठ्याने वाचला. शेजारी बसणारी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मिळाली ना तिला खोली," आणि माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. असे अजून चाळीसेक बाकी आहेत. नाहूरच्या भाड्याच्या घरात सगळ्यात आधी अल्बमच नेलेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुम्ही एक अल्बम मागितला होतात आणि मी सापडत नाही म्हणाले. बाबा, मी शोधलाच नव्हता.