दोन पाकळ्यांमधला पट्टा

४ नोव्हेंबर, सोमवार

प्रस्ताव परत आला! चित्र साधं — एकमेकींवर आलेल्या दोन पाकळ्या, आणि सगळं चित्र निम्मं पुसट. एका ब्राउझरमध्ये स्वच्छ दिसतं. दुसऱ्यात पाकळ्या एकमेकींवर येतात तिथे काळा पट्टा. सगळ्या ब्राउझरांनी रंग एकाच रीतीने मिसळावेत, हा नियम वेबच्या मानकात यावा म्हणून दोन वर्षं भांडतेय. आणि बैठकीत ओमकार म्हणतो, "फिझा, एवढासा फरक कुणाला दिसणार?" तो त्या दुसऱ्या ब्राउझरचा माणूस. वाईट नाही. म्हणूनच जास्त लागलं.

५ नोव्हेंबर

काही केलं नाही. अम्मीची खीर तेवढी संपवली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

अब्बा चहा घेऊन आले. दोन ब्राउझरांच्या दोन स्क्रीनसमोर उभे राहिले. चष्मा वर-खाली केला.

"ही दोन चित्रं एकच हायत ना गं?"

"हो."

"मंग ह्याच्यात मधेच काळवंडलंय का?"

मी उडालेच! अब्बांनी तीस वर्षं कर्जतच्या बाजारात लग्नपत्रिका छापल्या. दुकान बंद झालं तेव्हा मी पाचवीत होते. त्यांना सांगितलं — हा ब्राउझर एकेक पाकळी वेगळी पुसट करतो, म्हणून दोन्ही येतात तिथे रंग दुप्पट चढतो.

हसले. "आमी पत्रिकेवर बटरपेपर लावायचो. पुरी छापून झाली की वरून एकच. फुलाफुलाला येगळा तुकडा लावशील तर डाग दिसणारच!"

दोन वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

८ नोव्हेंबर

नियम नव्याने लिहिला. आधी गटातले रंग आपापसात मिसळा, मग पूर्ण गट एकदाच पुसट करा.

अब्बांना म्हटलं, बसा ना जवळ. चाळीस चाचणी-चित्रं दोन्ही स्क्रीनवर दाखवली. प्रत्येकाला ते म्हणायचे, "सारखं" किंवा "नाय सारखं." दोनदा मला फरक दिसला नाही, रंगांचे आकडे तपासले — अब्बाच बरोबर! दुपारी खुर्चीतच डुलकी लागली त्यांना. हातातला कप हळूच काढून घेतला. बोटं किती बारीक झालीत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मंजूर! बटरपेपरचं उदाहरण ऐकून ओमकार आधी हसला. आणि पहिला होकार त्याचाच!

अब्बांना सांगितलं तर टोपी सारखी करत म्हणाले, "मी काय केलं गं? बसून तर होतो."

१५ नोव्हेंबर

अम्मीला म्हटलं, अब्बांना अजून रंग किती बारीक कळतात! तिने भाजी निवडायची थांबवली. उठून दार लोटलं.

"दुकानात रंग मी कालवायची. तेनला लाल नि हिरवा येगळा दिसतच नाय, जनमापासून. फक्त काळं-उजळ कळतं. तू जवळ बसवलंस, म्हणून खूश हायत. मी सांगितलं ते बोलू नको तेनला."