मध्यंतरात थांबलेले कीर्तन पूर्ण करण्यासाठी संगणकाची वायर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रे (अतिरिक्त कार्यभार : नालेसफाई),
विभागीय कार्यालय, दुसरा मजला, मंडईमागे, पुणे.

अर्जदार : श्रीमती सुशीला रंगराव तिकोने, वय ७१, शुक्रवार पेठ, पुणे.

विषय : केंद्राचा संगणक टीव्हीला जोडणारी काळी वायर शनिवार दि. १६ मे २०२६ रोजी सायंकाळी ५ ते ६ या वेळेपुरती परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) केंद्राच्या फलकावरील आपली सूचना, दि. ८ मे २०२६.
२) लिपिक श्री. सौरभ काळोखे यांना दिलेली कारणे दाखवा नोटीस, त्याच दिवसाची. (ती त्यांनी मला दाखवली नाही. टेबलावर होती, मी वाचली.)

महोदय,

आपणांस आणि आपल्या घरच्या सर्वांस माझा मनापासून नमस्कार. आपली माझी प्रत्यक्ष भेट नाही. तरी आपला चेहरा मी फार जवळून पाहिलेला आहे. तो कसा, हे परिच्छेद ५ मध्ये येईल. तोवर कृपया अर्ज बाजूला ठेवू नये.

१. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे नोकरी केली. या गावाला त्या गावाशी जोडणे हेच माझे काम होते, त्यामुळे वायर पाहून मी घाबरत नाही. लहानपणापासून मला एकच वेड आहे, ते कीर्तनाचे. आमचे माधवबुवा गेली बावन्न वर्षे दरवर्षी वैशाखात आमच्या पेठेत पाच दिवस कीर्तन करतात. त्यात एकदाही खंड पडलेला नाही. यंदा बुवांचे दोन्ही गुडघे गेले. ते खराडीला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर असतात. त्यांची सून अक्षता म्हणाली, "बाबा, तुम्ही इथूनच करा. मी लॅपटॉपवरून पाठवते, ते तिकडे बघतील." त्याप्रमाणे रविवार दि. ३ मे ते गुरुवार दि. ७ मे, रोज सायंकाळी साडेचार वाजता कीर्तन आपल्या केंद्रात दाखवण्याचे ठरले. केंद्राच्या हॉलमध्ये टीव्ही आहे, शेजारच्या ऑफिसात संगणक आहे. मध्ये फक्त भिंत. तशी तोंडी परवानगी श्री. सौरभ यांनी दिली होती. त्यांच्यावर कारवाई होणार असेल तर ती अर्धी माझ्यावर करावी.

२. वायर मी स्वतः पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणली. "संगणकातले बुवा टीव्हीत यायला हवेत," असे मी सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, "बुवांचं तुम्ही बघा, वायर किती मीटर ते सांगा." मी म्हटले, भिंतीपलीकडे जाईल एवढी. ते म्हणाले, "तुमची भिंत मी पाहिलेली नाही. मोजून या. दुकान एक ते चार बंद असतं." मी मोजून चार वाजता परत गेले. तेव्हा त्यांनी दहा मीटरची वायर दिली आणि बुवांना नमस्कार सांगितला. मनाचे चांगले आहेत.

३. पहिल्या दिवशी वायर लावली. संगणकावर बुवा दिसत होते, टीव्हीवर मात्र हिरवा डोंगर आणि निळे आकाश. हॉलमध्ये आम्ही सव्वीस श्रोते हात जोडून त्या डोंगराकडे पाहत बसलो. अर्धा तास गेला. इंदुबाई ढमढेरे (वय ८४, कमरेचे ऑपरेशन झालेल्या, यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणूनच खरे तर हा सगळा खटाटोप) म्हणाल्या, "बुवा डोंगराआड असतील. गुडघे दुखतात हो त्यांचे, वेळ लागणारच." शेवटी श्री. सौरभ यांनी येऊन दोन बटणे एकदम दाबली आणि डोंगराच्या जागी बुवा उभे राहिले. सर्वांनी श्री. सौरभ यांना नमस्कार केला. ते फार संकोचले. दुसऱ्या दिवशी बुवा टीव्हीत आणि आवाज ऑफिसात, असे झाले. दिसायला हवे ते हॉलमध्ये बसले, ऐकायला हवे ते ऑफिसात, आणि श्री. हिंदुराव शितोळे यांनी दारात उभे राहून कुठे हसायचे ते इकडच्यांना सांगितले. तिसऱ्या दिवसापासून सर्व सुरळीत झाले. हे आपण नोंदीवर घ्यावे, कारण सूचनेत "सुरुवातीपासून गोंधळ" असे शब्द आहेत.

४. आपण कीर्तनास कितपत जाता हे मला माहीत नाही, म्हणून थोडा खुलासा करते. आधी पूर्वरंग, त्यात निरूपण. नंतर उत्तररंग, त्यात गोष्ट. दोहोंच्या मध्ये मध्यंतर असते. त्या वेळी जो समोर उभा असेल त्याच्या गळ्यात हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात, आणि मगच तो उत्तररंगाला सुरुवात करतो. श्रोत्याने मध्येच उठायचे नाही, मध्ये बोलायचे नाही, तोंडात काही ठेवायचे नाही. आरती झाली की सुटका. हे आमच्या लहानपणापासून असे आहे, यात मी काही वाढवलेले नाही.

५. गुरुवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, श्री. सौरभ यांनी मला चार वाजता सांगितले होते, "आजी, साडेपाचला साहेबांची नालेसफाईची ऑनलाइन मीटिंग आहे. मला कॉम्प्युटर लागेल, केंद्रात एकच आहे." मी म्हटले, तोवर आरती होईल. परंतु बुवांचा पूर्वरंग रंगला. पाच पंचवीसला मध्यंतर झाले. श्री. सौरभ दारातून म्हणाले, "हार घालून घ्या, मग मी पाच मिनिटं मीटिंगला हजेरी लावतो आणि बुवांना परत आणतो." इतका सज्जन माणूस आहे. आता बुवा चौदाव्या मजल्यावर, आम्ही शुक्रवार पेठेत, तेव्हा हार टीव्हीलाच घालावा लागणार, हे उघड आहे. मी बुक्का चिमटीत घेतला, डोळे मिटले, नामाचा गजर केला आणि बोट पुढे नेले. इंदुबाईंनी हार चढवला. मी डोळे उघडले तेव्हा समोर बुवा नव्हते. आपण होतात. बुक्का भुवयांच्या बरोबर मध्ये लागला होता, हार दोन्ही खांद्यांवरून नीट आला होता. शोभत होते, हे मी कोणाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही.

६. त्यानंतर जे घडले त्यात आमचा उद्धटपणा नव्हता, हे कळकळीने सांगते. ऑफिसच्या उघड्या दारातून संगणकाला आमचा हॉल दिसतो, त्यामुळे आम्ही पलीकडे दिसतो आणि ऐकूही जातो, हे कोणास ठाऊक नव्हते. थकलेल्या बुवांचा उत्तररंग त्यांच्या शिष्याने करण्याची रीत आहे, म्हणून आपण शिष्यच असाल असे आम्ही समजलो. आपण चष्मा पुसून म्हणालात, "आता राहिलेल्या पंधरा नाल्यांचं मी सांगतो. सगळ्यांनी नीट ऐका." सगळे नीट बसले. पेटीवाले श्री. राकेश यांनी सूर दिला. आपण विचारलेत, "पेटी कोण वाजवतंय?" त्यावर श्री. हिंदुराव यांनी, "राकेश आहे, बुवा. टाळही आहेत, लागतील तर सांगा," असे उत्तर दिले. ते आपणांस टोमणा वाटले असेल. ते सौजन्य होते. आपण "माईक बंद करा!" असे ओरडलात, तेव्हा आम्ही हॉलमधला माईक लगेच बंद केला. तो तसाही बंदच असतो.

७. महोदय, खरे सांगते, आपण फार छान सांगता. मांजरीकडच्या नाल्याची हकीकत सांगताना, "चार पत्रं दिली तरी गाळ तसाच आहे, उद्या पाऊस आला तर वस्तीत पाणी शिरेल, तुम्हाला झोप कशी लागते?" असे आपण एका कनिष्ठ अभियंत्यास विचारलेत, तेव्हा इंदुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "शिव शिव! चार पत्रं!" हे त्यांचेच शब्द, आणि ते बैठकीच्या इतिवृत्तात आल्याचे कळते. एवढ्यात आपण केंद्राची जोडणी तोडण्यास फर्मावलेत. श्री. सौरभ यांनी घाईघाईत वायरच ओढली. आपण गेलात, बुवाही गेले, पुन्हा डोंगरही आला नाही. टीव्ही काळा झाला, आणि त्यावर हार राहिला.

८. दुसऱ्या दिवशी आपली सूचना लागली : बैठकीत व्यत्यय, टीव्हीचा अनधिकृत वापर, वायर जप्त. वायर केंद्राच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे मागवून घेतली आहे. वायर माझ्या पैशाची आहे हा मुद्दा मी मांडत नाही. मुद्दा असा की आरती झालेली नाही. म्हणजे कीर्तन अजून चालू आहे. म्हणजे आम्ही सव्वीस जण आज आठवा दिवस कीर्तनात बसलेलो आहोत. देह घरी जातो, जेवतो, निजतो, दूध आणायला जातो. पण उठलेलो नाही.

९. याचे परिणाम गंभीर आहेत. श्री. हिंदुराव यांनी आठ दिवस तंबाखू तोंडात टाकलेली नाही. कीर्तनात चालत नाही म्हणून. ते डबी उघडतात, वास घेतात, मिटतात. इंदुबाई आणि त्यांची सून शालन यांच्यात आठ दिवस भांडण नाही. शालन मला जिन्यात गाठून म्हणाली, "काकू, एकदाची आरती उरका हो. माझं किती साठलंय!" खराडीला बुवांनी हॉलमधली सतरंजी उचलू दिलेली नाही. बिचारी अक्षता स्वतःच्या ऑफिसचे काम सतरंजीच्या कडेकडेने फिरून करते, आणि वरिष्ठांनी विचारले तर "कार्यक्रम सुरू आहे" असे सांगते. श्री. हिंदुराव यांच्या पत्नी सौ. प्रेमला यांचा मात्र या अर्जास विरोध आहे. चाळीस वर्षांत जे कोणाला जमले नाही ते आपल्या एका सूचनेने झाले, ते मोडू नये, वायर कपाटातच राहू द्यावी, अशी त्यांची लेखी हरकत आहे. ती प्रामाणिकपणे सोबत जोडली आहे.

१०. थट्टेचा भाग सोडला तर एक गोष्ट मला झोपू देत नाही. सोमवार दि. १८ रोजी बुवांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन आहे. पुढे तीन महिने उभे राहायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि कीर्तन उभ्यानेच करायचे असते. बुवांचे वय अठ्ठ्याहत्तर. "बावन्न वर्षांत अर्धं कीर्तन टाकून मी कधी आडवा झालो नाही," एवढेच ते फोनवर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. फोन ठेवल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे. कोणता बोलणे संपल्याचा आणि कोणता मनातले तसेच ठेवून दिल्याचा, हे मला कळते.

११. तरी विनंती, की शनिवारी एका तासापुरती वायर द्यावी. त्या वेळी आपली कोणतीही बैठक नसल्याची खात्री मी करून घेतली आहे. श्री. सौरभ यांची नोटीस मागे घ्यावी. वायर लावताना आपण हवा तो अधिकारी नेमावा. त्यालाही बुक्का लावण्यात येईल. सहा वाजता आरती, सहा वाजून दहा मिनिटांनी वायर आपल्या कपाटात.

उठण्याची वाट पाहत बसलेली,
आपली नम्र श्रोती,
(सही) सुशीला रंगराव तिकोने
पुणे, दि. १४ मे २०२६

सोबत :
१) सव्वीस श्रोत्यांच्या सह्या (इंदुबाईंचा अंगठा, सही येते, पण हात थरथरतो).
२) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
३) सौ. प्रेमला हिंदुराव शितोळे यांची हरकत, दोन पाने, पाठपोट.

ता. क. : अर्ज पाकिटात घालत असताना माधवबुवांचा फोन आला. त्यांनी विचारले, "सुशीलाताई, त्या दिवशी हार नक्की कोणाला घातलात?" मी खरे ते सांगितले, की टीव्हीला, पण आत साहेब होते. बुवा म्हणाले, "मग माझ्या हातात काही राहिलं नाही. हार त्यांना, बुक्का त्यांना, तर उत्तररंगही त्यांचाच. त्यांनी आरतीपर्यंत नेलं तर माझंही पूर्ण झालं. मी रिक्षाने येतो आणि पुढे खुर्ची टाकून बसतो." बुवांच्या आवाजात इतक्या दिवसांनी हसू होते. सबब, वरील परिच्छेद ११ मधील मागणीत नम्रपणे बदल करते. वायर नसली तरी चालेल. शनिवारी पाच वाजता आपणच यावे. विषय आपल्या इच्छेचा. इंदुबाईंचे म्हणणे मात्र असे, की पंधरा नाल्यांपैकी आपले एकच सांगून झाले आहे. धोतर नेसण्याची सक्ती नाही. श्री. राकेश यांना पेटी तयार ठेवायची आहे, तरी आपली पट्टी काळी एक की पांढरी चार, तेवढे उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवावे.