मातोश्रींचे ‘हूं’

म्हैसूर, संक्रांतीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप येसाजीराव दादांच्या सेवेशी,

आपल्या बहिणीचा नवरा नागोजीराव याचा नमस्कार. (आज नेहमीपेक्षा जास्त वाकून केला आहे, त्याचे कारण ताज्या कलमात येईल.) आपला गुडघा कसा आहे? बेंगळुरात थंडी फार, शेकत जावा. इकडे वनजा व मुले खुशाल. आपल्या मातोश्रींची प्रकृती तर इतकी उत्तम आहे, की कॉलेजातले दोन प्रोफेसर त्यांना भिऊन असतात. त्यांतला एक मी.

त्याचे असे झाले. दसरा होताच आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी हुकूम काढला, की मुलांना लिहायला-बोलायला शिकवणे हे एकट्या इंग्रजीच्या प्रोफेसराचे काम नव्हे. प्रत्येक विषयाच्या तासाला मुलांनी लिहावे, बोलावे. नाताळाच्या सुटीआधी सगळे सभागृहात उभे राहून बोलतील, आणि जो बोलणार नाही त्याला परीक्षेला बसता येणार नाही. तर्कशास्त्राचे सदाशिवराव म्हणाले, “माझी पोरे बोलतातच की हो तासाला. फक्त मी बोलत असताना.” माझा विषय पदार्थविज्ञान. माझ्या वर्गातला पिरियापट्टणचा वेंकोजी हुशार, पण उभा केला की नुसता खांब.

त्याला घरी बोलावले. ओसरीवर मातोश्री (ज्या दसऱ्याची मिरवणूक, जंबूसवारी, बघायला चार दिवसांकरिता आल्या होत्या, हे आपण विसरला नसालच) शेंगा सोलत होत्या. म्हटले, पुस्तक मिट आणि यांना समजावून सांग. गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हूं’ द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज मातोश्री पदार्थविज्ञानालाही लावतात. कळले तर हूं. नाही कळले तर हूं बंद, सांगणाऱ्याने मागे जायचे. वेंकोजीने उष्णतेने धातू कसे प्रसरण पावतात ते सुरू केले, पाठ केलेल्या इंग्रजीचे कानडी करीत. हूं नाही. पुन्हा सांगितले. हूं नाही.

“मगा, लेकरा, तोंडात शेंगा धरल्यास काय? नेट्टगे हेळो, सरळ सांग की!”

पोराला घाम फुटला. शेवटी म्हणाला, गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती आधी लाल तापवतो, म्हणजे ती वाढते. मग वर पाणी ओततो, म्हणजे आवळते. “हूं! आमेले? मग पुढे?” मातोश्री सूप घेऊन पुढे सरकल्या. तेच त्याने रात्री इंग्रजीत लिहून आणले, आणि विद्यार्थ्याचा कागद वाचताना मला प्रथमच जांभई आली नाही. मग तो रोज येऊ लागला.

सभेच्या दिवशी वेंकोजी उठला, पहिले वाक्य स्वच्छ बोलला आणि थांबला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी पेन्सिल उचलली. मला वाटले, पोरगा विसरला! मग उमगले, विसरला नव्हता. हूंसाठी थांबला होता. (ओसरीवर त्याला हूंशिवाय पुढचे वाक्य बोलायची सवयच राहिली नव्हती.) प्रोफेसरकीची अब्रू खिशात घालून मी मागच्या बाकावरून मोठ्याने हूं दिले. गाडी चालू! दुसऱ्या वाक्याला चार मुलांनी दिले, पुढे अख्ख्या सभागृहाने, आणि धाव चाकावर बसली तेव्हा तोंडातला पाइप काढून साहेबांनीही. इंग्रजी हूं जरा नाकातले असते, पण पोचते.

वेंकोजी परीक्षेला बसणार. आता इतिहासाची पोरेही ओसरीवर येतात. सदाशिवराव स्वतः तर्क समजावायला आले होते; तिसऱ्या वाक्याला हूं बंद पडले, तेव्हा उप्पिट्टू खाऊन गेले.

वहिनींना नमस्कार. मुलांसाठी संक्रांतीचे तीळ-गूळ, इकडचे एळ्ळू-बेल्ल, पाठवले आहे; मुंग्यांच्या आधी त्यांना मिळो.

आपला
नागोजीराव

ता. क. मातोश्रींना न्यायला रविवारी येतो, असे आपण लिहिले आहे. परीक्षा मार्चात आहे. येऊ नये.

आणखी ता. क. हे पत्र मातोश्रींना वाचून दाखवले. सगळीकडे हूं मिळाले, वरच्या ताज्या कलमाला बंद. मागे गेलो: पोरांचे नुकसान होईल. हूं नाही. कॉलेजचे नाव जाईल. हूं नाही. “जावईबापू, नेट्टगे हेळी.” शेवटी म्हटले, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. तेव्हा सूप खाली ठेवून त्यांनी हूं दिले.

तर दादा, न्यायला यायचेच असेल तर या. पण कशाकरिता नेता, ते ओसरीवर बसून सरळ सांगावे लागेल.