एका वर्षात दोन लग्नं

तायाबास,
११ फेब्रुवारी

प्रिय रोसेन्दाताई,

तू बरी असशील, तुझ्या मालकिणीची म्हातारी आई अजूनही फक्त तुझ्याच हातून जेवत असेल आणि हाँगकाँगची थंडी जरा सरली असेल, असं धरून लिहायला बसले आहे. इकडे सगळं ठीक. डुकरीण व्यायली, नऊ पिल्लं झाली. पासिता आत्याचे गुडघे दुखतात, तोंड मात्र अजिबात दुखत नाही. बाबाही ठीक.

हे पत्र बेबेंगच्या हाती देते आहे, ती सोमवारी परत तिकडे निघते आहे. सोबत सुके तारले आहेत. गेल्या वेळेसारखे मालकीण घरात असताना तळू नकोस, नाहीतर वासाने पुन्हा पोलिसांना बोलवेल. फोनच केला असता, पण फोन वाजला की आत्या कुठूनही येऊन शेजारी बसते. शिवाय फोनवर तू नुसतं ‘लुदी, ऐक गं’ म्हटलंस की मी परत नऊ वर्षांची होते. कागदावर तसं होत नाही. म्हणून कागद.

तुझा निरोप आत्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा मला सांगितला. ‘माझं आणि नेस्तोरचं लग्न डिसेंबरात आहे, लुदीने जानेवारीपर्यंत थांबावं. एका वर्षात घरात दोन लग्नं झाली की सुकोब लागतो, तो नको.’ ताई, मी थांबणार नाही. माझं आणि आन्सेल्मोचं लग्न अठरा एप्रिलला आहे. पुढच्या बुधवारपासून उपासाचे चाळीस दिवस लागतात आणि त्यात चर्च लग्न लावत नाही, नाहीतर उद्याच लावलं असतं.

सात वर्षं झाली आम्हाला. पहिल्या वर्षी त्याचे वडील वारले म्हणून थांबलो. मग वादळात त्यांचं छप्पर गेलं म्हणून थांबलो. मग त्याची जीप बिघडली, मग माझी शिक्षिकेची परीक्षा, मग त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न, म्हणजे पुन्हा सुकोबच. आता लूसेनाच्या रस्त्यावर जीप चालवताना लोक त्याला विचारतात, ‘काय रे, तुझी नवरी अजून जन्मायची आहे का?’ तो हसतो. मला नाही हसू येत.

तू म्हणशील, वर्षभर तर नाही, आठ-नऊ महिने थांबायचं आहे. मला माहीत आहे तुला भीती कसली वाटते. आपल्या घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलते. आई आणि सालुद मावशी एकाच वर्षात बोहल्यावर चढल्या, एकीचं नशीब दुसरीने खाल्लं, म्हणून आई चौतिसाव्या वर्षी गेली. आत्याने हे आपल्याला इतक्यांदा ऐकवलं की प्रार्थनेसारखं पाठ झालं. ताई, तू तिथे होतीस. तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. आई बाळंतपणात गेली, कारण पुरात पूल वाहून गेला होता आणि गाडी नदीच्या पलीकडे अडकून पडली होती. पूल दोन वर्षांनी बांधला. त्या दोन वर्षांत आणखी तिघी गेल्या. त्या तिघींच्या बहिणींनी कुठे त्याच वर्षी लग्नं केली होती?

आणि सालुद मावशीचं काय? सत्तरी गाठली तिने. आईच्या मयताला ती दारापर्यंत आली आणि आत्याने तिला आत येऊ दिलं नाही. तेव्हापासून ती आपल्या सणाला कधी आली नाही. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे आमंत्रण घेऊन गेले. तिने हात पुसले, खुर्ची दिली आणि पहिलं काय विचारलं असेल? ‘मी आले तर चालेल का गं पोरी? तुझ्या लग्नाला काही होणार नाही ना माझ्यामुळे?’ मी इतकी चिडले की आमंत्रण तिच्या हातात कोंबून तशीच निघाले. आपण एका भल्या बाईला पंचवीस-तीस वर्षं बहिणीची मारेकरीण ठरवून ठेवलं. पहिल्या बाकावर बसवणार आहे मी तिला. आत्याला बघवत नसेल तर तिने मागे बसावं.

हे सगळं खरं आहे. पण भांडायचं खरं कारण हे नाही. मी तीन पानं खाऊन टाकली आणि मुद्द्याच्या भोवती फिरते आहे. तुला एव्हाना कळलं असेल, तू मला ओळखतेस.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आन्सेल्मोकडची माणसं मागणी घालायला जिना चढून वर आली. रीतसर आली. नूडल्सची परात, भाजलेलं डुक्कर, केळीच्या पानातला भात आणि माडाच्या दारूचा, लांबानोगचा मोठा कॅन. आपल्या घरी लांबानोग आणायची म्हणजे मिठागरात मीठ नेण्यासारखं, पण रीत ती रीत. आन्सेल्मोने बाबांचा हात कपाळाला लावला. त्याचा तेबान मामा पेला भरायला बसला. तुला माहीत आहे, पेला एकच, फिरत फिरत जातो. बाबांची पाळी आली. त्यांनी पेला ओठाला टेकवला आणि तसाच परत दिला.

तेबान मामा म्हणाला, ‘काय हो व्याही, आमच्या हातची चढत नाही वाटतं?’

बाबा म्हणाले, ‘चाळीस वर्षं माडावर चढलोय. आता चढणं पुरे.’

सगळे हसले. आत्या नाही हसली. तिने लगेच तोंड उघडलं. ‘लग्न जानेवारीत. थोरलीचं डिसेंबरात आहे, मध्ये वर्ष बदललं पाहिजे.’ त्यांच्याकडच्यांनी माना डोलावल्या. आन्सेल्मोने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मी गप्प बसणार होते, ताई, देवाशपथ. सात वर्षं थांबले होते, आणखी एक.

तेव्हा बाबा म्हणाले, ‘एप्रिल.’

एवढंच. आत्या म्हणाली, ‘दादा, तुला कळतंय का काय बोलतोस?’ ते म्हणाले, ‘ईस्टर झाला की पुढचा-पुढचा शनिवार. मी सांगितलं.’ जन्मात आत्याला त्यांनी कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. मग ते उठून बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. ते दारूच्या भट्टीजवळ पिंपावर बसले होते, पोटावर हात धरून. तेव्हा मला एकदम सगळं दिसायला लागलं. त्यांनी कोयता शेजारच्या इस्कोच्या मुलाला देऊन टाकला होता, ‘जुना झाला’ म्हणून. माडामाडांमध्ये बांधलेल्या बांबूंवरून ते नोव्हेंबरनंतर चालले नव्हते. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडली होती, दोन. आणि मी रोज त्यांच्या पुढ्यात भात वाढत होते.

बाबा ठीक नाहीत, ताई. पोटात गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत गेली आहे. ते एकटेच जीपने लूसेनाला जाऊन तपासून आले होते. डॉक्टरांनी काय सांगितलं विचारलं, तर म्हणाले, ‘ख्रिसमसचे कंदील लागलेले बघीन म्हणे.’ आपल्याकडे कंदील सप्टेंबरातच लागतात. म्हणजे तुझा डिसेंबर त्यात नाही.

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग बोट रोखून म्हणाले, ‘रोसेन्दाला कळवलंस तर याद राख. सतरा वर्षांची असताना तिने शाळा सोडली, या घरासाठी. तिचा करार नोव्हेंबरात संपतो. मध्येच टाकून आली तर तिचं पुन्हा सगळं गेलं. एकदा झालं, दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही.’ मी हो म्हटलं. गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवून हो म्हटलं.

आणि आता त्याहून वाईट गोष्ट सांगते. मला ते हो म्हणायला सोपं गेलं. दोन आठवडे मी तुला दुसरंच पत्र लिहीत होते. त्यात सुकोबवरून तुझ्याशी कचाकचा भांडायचं, तू रुसून लग्नाला येणार नाहीस, आणि बाबा वेदीपर्यंत फक्त माझ्याबरोबर चालतील. माझ्या एकटीचे बाबा, एका दिवसापुरते. ज्या ताईने माझ्या वेण्या घातल्या, तिच्यापासून मी हे चोरणार होते. शपथेच्या आड लपून. ते पत्र मी काल चुलीत घातलं.

तर शपथ मोडली. पाप लागलं तर मला लागू दे. बाबा रागावतील, रागावू देत, रागवायला तरी ते असायला हवेत.

आता नीट वाच. आज सकाळी मी फादर गाब्रिएलकडे गेले. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, त्यासाठी आमची दोघांची नावं द्यायची होती. मी चार नावं दिली. लुदिविना आणि आन्सेल्मो. रोसेन्दा आणि नेस्तोर. दिवस एकच, अठरा एप्रिल, सकाळी नऊ. फादरनी चष्मा काढला. ‘पासिताबाईंना माहीत आहे?’ मी म्हटलं, ‘पहिल्या रविवारी तुम्ही वाचाल तेव्हा कळेल.’ त्यांनी नावं लिहून घेतली. कागदपत्रं तुझी आणि नेस्तोरची लागतील, यादी पाकिटात वेगळी घातली आहे.

मला ठाऊक आहे, तू हातातलं सगळं टाकून धावत येशील. नको येऊस तशी. मालकिणीकडे दोन आठवड्यांची रजा माग, ती तुला सोळा वर्षांची देणं लागते. लग्न कर आणि परत जाऊन करार पुरा कर. बाबांकडे मी आहे. त्यांचं म्हणणंही राहील आणि माझंही. तू त्यांना फक्त नवरी म्हणून दिसायला हवीस, आणि ते चालू शकतात तोवर दिसायला हवीस.

एका वर्षात दोन बहिणी म्हणजे सुकोब. एका दिवशी, एका वेदीपुढे म्हणजे काय होतं, ते आत्यालाही माहीत नाही, मी विचारून बघितलं. असं करायची हिंमत आजवर कुणाची झालेली नाही. तुला भीती वाटणार. मलाही वाटते, खोटं कशाला सांगू. पण काय खायचंय ते खाऊ दे त्या नशिबाला. बाबांना आपण दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना हव्यात, आणि त्यांच्या पायात चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत जाण्याइतकं बळ एप्रिलात असेल. मी रोज संध्याकाळी त्यांना अंगणात तेवढी पावलं चालवून बघते. त्यांना वाटतं, पचनासाठी चालवते.

नावं काढून टाकायची असतील तर फादरना तूच फोन कर. मी काढणार नाही.

तूच वाढवलेली आणि या एकदा तुझं न ऐकणारी,

लुदी