बाबांची मारामारी

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा दवाखान्यातून घरी आले. अर्धांगाचा झटका सौम्य होता म्हणतात, पण उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडून असतो. ज्या हाताने अख्ख्या गल्लीच्या दाढ्या केल्या, तो हात! व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येतात. त्यांनी हात उचलला की तो थरथरतो, आणि बाबांना त्याचीच लाज वाटते. काल भिंतीकडे तोंड करून म्हणाले, चेंडू दाबत बसायला मी काय तान्हं बाळ आहे का? बाई म्हणतात, आत्ता हलवला नाही तर हात गेला. माझी मात्रा चालत नाही. तू लाडका, तूच सुचव काहीतरी. वेल्डिंग करताना चष्मा लावतोस ना?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. १३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचलं आणि लगेच फोन लावला. फोनवर बाबा नुसतं 'हं' म्हणतात.

आठवतं, दुकान बंद करून ते आपल्याला मारामारीच्या सिनेमांना न्यायचे? भाषा परकी, कोणाला ओ की ठो कळायचं नाही. बाबा संवाद मनानेच रचून सांगायचे आणि पुढच्या रांगेतले लोकही मान वळवून ऐकायचे. तुला उड्या आवडायच्या, मला तलवारी. बाबांना मात्र मारामारीच्या आधीचा भाग आवडायचा. शिष्य गुरूकडे पाणी भरतोय, लाकडं फोडतोय, गुरू ढुंकूनही बघत नाही. तिथे बाबा खुर्चीत पुढे सरकायचे. ते सिनेमे आता मोबाइलवर मिळतात. लाव एखादा. आवाज मात्र बंद ठेव.

चष्मा लावतो. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.
तुझा धाकटा

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

तुझा तोडगा लागू पडला. बाबा आधी बघेचनात. मग मी मुद्दाम चुकीचे संवाद सांगू लागले. गुरू म्हणतोय, पोरा, घरी जा, तुझ्याच्याने होणार नाही. बाबा उसळलेच. तो असं म्हणतच नाही, म्हणाले. तो म्हणतोय, हात थरथरतोय म्हणजे जिवंत आहे. बोलून गेले आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मी शिलाई मशीनकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तर बाबांनी डाव्या हाताने उजव्याची मूठ वळवली, छातीशी धरली आणि शिष्यासारखे वाकले. बाई गोंधळल्या. मी कारण सांगितल्यावर त्यांनीही तसंच वाकून दाखवलं. तेव्हापासून शिकवणी चुकत नाही. वस्तरा पुन्हा धरवेल असं बाई म्हणत नाहीत, आणि बाबाही आता विचारत नाहीत. पण काल कंगवा धरून त्यांनी माझे केस विंचरले. भांग पार वाकडा. तशीच मी दिवसभर माझ्या शिवणाच्या दुकानात बसले, गिऱ्हाइकं हसली तर हसू देत.

आता अडचण एकच. बाबांना खलनायक हवाय. बाई अंगाने किरकोळ, आणि मला मार खाण्याआधीच हसू फुटतं. म्हणतात, ठोसा लागायच्या आत धाडकन पडणारा आपल्या घरात एकच आहे. तेव्हा रजा काढ आणि मार खायला ये.

वाट बघतोय, दोघंही.
तुझी ताई