नव्या खणाची चोळी

माय, तुझ्याइतकं कापड ओळखणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि तुझ्याइतकं हट्टीही. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीत शेरवानी घालून जायची रीत मोडली, तेव्हा बाबांनी आपली शेरवानी ट्रंकेच्या तळाशी ठेवायला दिली होती. तू ती जमिनीवर पसरलीस, सगळी उसवलीस, आणि झिजलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर करून तिचा आखूड कोट शिवलास. कापड उलटलं तसा छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे गेला. बाबा आरशासमोर छाती चाचपत उभे, पेन कुठं खोचावा कळेना. तू म्हणालीस, "सारं राज्य बदललं, मग खिशानंच काय घोडं मारलंय?" बाबा तो कोट पुढं कित्येक हिवाळे घालत होते. आमच्या घरात काही टाकून देत नसत. तुझ्या लुगड्यांचे आमचे परकर, परकरांच्या पिशव्या आणि पिशव्यांची शेवटी पायपुसणी. "कापड वाईट नसतं, शिवण चुकलेली असती," हे तुझं ठरलेलं वाक्य. लहानपणी मला ते फार आवडायचं.

वैजापूरला माझं लग्न करून दिलंस आणि त्याच वर्षी नागपंचमीला मी औरंगाबादला माहेरी आले. चार दिवसांच्या सणाला कुणी ट्रंक भरून आणत नाही. तू ट्रंकेकडं पाहिलंस आणि बाबांना चहा द्यायला आत गेलीस. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तू ऐकलंस, मी सांगितलं. तुझा जावई मारत नव्हता. मारत असता तर सांगायला सोपं गेलं असतं. सासू बाजाराला निघाली की बाहेरून कडी लावून जायची, आणि तो संध्याकाळी आला की कडी काढताना तोंडातून शब्द काढत नसे. तहसिलीतला शिपाई कोठीची कडी काढतो तशी काढायचा. मी म्हणाले, मी तिथं परत जाणार नाय. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "आधी जेवून घे."

दुसऱ्या दिवशी तू हातमशीन बाहेर काढलीस आणि माझी ट्रंक उपडी केलीस. झंपर काखेत घट्ट झाले होते, ते उसवून आत दाबलेलं कापड मोकळं केलंस. विटलेल्या बाह्या काढून दुसऱ्या लावल्यास. तुझ्या एका जुन्या लुगड्याचे दोन परकर केलेस. मी तुरपाई करत शेजारी बसले होते आणि मनातल्या मनात नाचत होते. मला वाटलं, तू बोलत नाहीस, पण माझी इथली सोय करते आहेस. शहागंजात बायकांसाठी सरकारी शिवणवर्ग निघाला होता, तिथं नाव घालायचं, पुढं शाळेत शिवण शिकवायचं, इथवर मी पोचले होते. धाकट्या दोघी बहिणी चिंध्यांच्या बाहुल्या करत होत्या. त्यांना मी सांगूनही टाकलं की आता मी इथंच आहे. पाठची शेजारीण डोकावून म्हणाली, "लई शिवणकाम काढलंय, लेक राहती वाटतं?" तू दोरा ओवत होतीस. तू मान वर केली नाहीस, तेही मला होकारासारखं वाटलं.

मग तू कपाटातून खण काढलास. नवा, हिरवा, घडी न मोडलेला. जुन्याचं नवं करणाऱ्या बाईनं नव्या कापडाला कात्री लावली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपल्याकडं लेकीला नवी चोळी कधी शिवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीच वेडी, विचारलं, "माय, घरात घालायला नवी कशाला?"

तू दातानं दोरा तोडलास. "घरात नाय. उद्या वैजापूरची गाडी हाय."

"ते बाहेरून कडी लावतेत, माय."

"सोनं असलं की लोक कडी लावतेतच."

"मी सोनं नाय."

त्यावर तू चोळी माझ्या अंगाला लावून पाहिलीस. मग बाहुल्यांशी खेळणाऱ्या दोघींकडं बोट दाखवून म्हणालीस, "तू बसलीस इथं, तर त्या दोघींना कोण करून घेईल? सांग मला. हाय का तुझ्याकडं जवाब? हात वर कर, बाही बघू दे."

मी हात वर केले. चोळी इतकी नेमकी बसली की मला तिचा राग आला. सकाळी तू ओटी भरलीस, बाबा गाडीपर्यंत आले, आणि मी गेले.

आता तुझी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील एकतर्फी लिहिलं. सासूला कळलं की मला शिवता येतं. मशीन आली, गल्लीतल्या बाया कपडे घेऊन यायला लागल्या, आणि गिऱ्हाइकासाठी दिवसा दार उघडं राहू लागलं. बहिणींची लग्नं झाली, चांगल्या घरी पडल्या. लोक म्हणाले, माय शहाणी होती. मीही म्हणाले. पण दार उघडं असलं तरी मी उंबऱ्याच्या आतच शिवत राहिले, माय. माणसं यायची, मापं द्यायची आणि जायची. जाताना कुणी म्हणालं, "येते हं," की मी मशीनचं चाक जोरात फिरवायचे. शहागंजातला तो शिवणवर्ग मी आतून कधी पाहिलाच नाही.

तुझा जावई गेल्यावर मी औरंगाबादेत लेकाकडं आले. गेल्या महिन्यात माझी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. तिनं बोलायच्या आधीच मी म्हणाले, "राहा. कितीही दिवस राहा, कायमची राहा." ती माझ्या गळ्यात पडून रडली. सून म्हणाली, आई, तुमचं मन किती मोठं आहे. लेकीच्या कुडत्याची बाही उसवलेली होती. ती मी शिवली नाही, तिलाच सुईदोरा दिला, आणि का ते सांगितलं नाही.

तू आहेस तिथं हे पत्र पोचवायला कुणी नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं, म्हणूनच लिहिते आहे. घरात कुणाला दाखवण्यासारखंही नाही. सगळ्यांना वाटतं, लेक परत आली म्हणून मी त्या रात्री डोळे पुसत होते. तसं नव्हतं, माय. तिला 'राहा' म्हणाले तेव्हा मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला.