मॅनेजरांची तब्येत

५ फेब्रुवारी, सोमवार

गाठोड्यातून पिल्लू निघालं! हॉटेलचे पडदे आले होते धुवायला, सत्तावीस नग. मी काउंटरवर मोजत होते आणि एकविसाव्या पडद्यानं म्याव केलं. राखाडी, मुठीएवढं, डोळ्यांत चिपडं. हॉटेलात फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, "आमच्या यादीत पडदेच आहेत, ताई." झटकले हात!

हे डाग काढायच्या टेबलावरून ओरडले, "पावती फाडू नकोस त्याची!"

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आमच्या लॉन्ड्रीत एक मांजर आहेच की. पांढरा बोका, नऊ वर्षांचा. दिवसभर काउंटरवर बसून गिऱ्हाइकांकडे असं बघतो की लोक आपण होऊन "सॉरी हं, न्यायला उशीर झाला" म्हणतात. म्हणून नाव मॅनेजर. लेकीनं ठेवलेलं. बोकाही तिचाच खरं तर. ती नोव्हेंबरात नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, मॅनेजर आमच्याकडे राहिले.

पिल्लाला वर तिच्या रिकाम्या खोलीत ठेवलंय. बटण म्हणतेय मी त्याला. दोन दिवसांपुरतंच.

६ फेब्रुवारी

म्हटलं, ओळख करून देऊ. बटण उचललं आणि नेऊन ठेवलं थेट मॅनेजरांच्या पुढ्यात. मॅनेजर फुगून दुप्पट झाले! तोंडातून असा आवाज काढला की बॉयलर फुटतोय असं वाटून हे धावत आले. मग एका वकिलाच्या काळ्या कोटावरून उडी मारून मॅनेजर जे मशीनच्या मागे गेले ते दुकान बंद होईपर्यंत बाहेर नाहीत.

इस्त्रीवाले काका म्हणाले, "वहिनी, नवीन माणूस घेताना मॅनेजरला विचारायचं असतं."

८ फेब्रुवारी

मॅनेजर वकिलाच्या कोटावर मुतले. धुऊन, वाफ देऊन, हँगरला लावलेला कोट! खाली पडला होता तेवढ्यात साधलं.

हे कोट घेऊन तासभर बसले. डाग काढणं हे यांचं काम, त्यात यांचा हात कुणी धरणार नाही. पण तासभर तोंडाचा पट्टा चालू — "पिल्लू आणलंस तू, वास काढतोय मी."

मी आणलं? पडद्यांनी आणलं!

१० फेब्रुवारी, शनिवार

कालपासून मॅनेजर सारखे वाळूच्या ट्रेमध्ये जात होते. बसायचे, कुंथायचे, काही नाही. पुन्हा पाच मिनिटांनी. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. सकाळी असे विव्हळले की काकांनी इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "वहिनी, हे काही बरं लक्षण नाही." मी टॉवेलमध्ये गुंडाळून पळाले दवाखान्यात.

लघवी तुंबली होती! डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण आवाज हेडमास्तरांचा. भूल देऊन नळी घातली. बोक्यांचा मार्ग मुळात अरुंद, त्यात ताणानं आतून सूज येते, म्हणाल्या. "काकू, आणखी एक दिवस थांबला असतात तर हा हाताला लागला नसता." एक दिवस! आणि मी काल दिवसभर टेबलक्लॉथ मोजत बसले होते.

१२ फेब्रुवारी

मॅनेजर घरी. गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. त्याही अवस्थेत काउंटरवर चढून बसले. गिऱ्हाइकं हसली, मला नाही हसू आलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून पाठ दिला. मांजराला बदल सोसत नाही. नवीन प्राणी असा धाडकन पुढ्यात आणायचा नसतो. आता दोघं वेगळ्या खोल्यांत. वाळूचे ट्रे तीन. पाणी जागोजाग. खाणं पातळसर. आणि आधी फक्त वासानं ओळख — फडकं बटणच्या गालांवर फिरवायचं आणि मॅनेजरांच्या ताटलीशी ठेवायचं, मॅनेजरांचं फडकं बटणकडे.

"आणि ही फडकी धुवायची नाहीत."

हे हसले. "अहो डॉक्टर, आमचा धंदाच—"

"म्हणूनच सांगतेय, काका. धुवायची. नाहीत."

मग विचारलं, घरात आणखी काही बदललंय का? हे म्हणाले, "काही नाही. पिल्लू काय ते." मीही मान डोलावली.

घरी आल्यावर यांनी निकाल दिला: महिनाअखेरपर्यंत बोका ताळ्यावर आला तर ठीक, नाही तर पिल्लू हॉटेलला परत. "एकाच्या हौसेपायी दुसऱ्याचा जीव जायला नको." खरंच आहे ते. पण बटण आता माझ्या चपलेत झोपतं.

१४ फेब्रुवारी

फडकी गायब. शोधली तर धुतलेल्या कपड्यांच्या फळीवर — स्वच्छ, घडी घातलेली, साबणाचा घमघमाट! दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली, शब्दशः. काकांना विचारलं. "पस्तीस वर्षं इस्त्री करतोय, वहिनी. फडक्यांना हात लावत नाही मी."

१५ फेब्रुवारी

नवीन फडकी. बटणनं गाल घासून घेतले, वर फडक्याशी कुस्तीही केली.

१६ फेब्रुवारी

पुन्हा धुतलेली!! यांच्यावर घसरले. हे म्हणाले, "मला कामं नाहीत का?" मग पुन्हा काकांवर घसरले. संध्याकाळी आवराआवर तेच करतात, आणखी कोण धुणार? काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, चष्मा खिशात घातला आणि म्हणाले, "उद्यापासून घरीच बसतो मी." गेले!

मॅनेजरांचं पोट चाटून चाटून उघडं पडलंय. गुलाबी दिसतं. नरसाळं काढलं आणि हे सुरू. ताणाचंच लक्षण, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. लघवी होते, पण थेंब थेंब. मी ट्रेपाशी उकिडवी बसून थेंब मोजते. जीव टांगणीला लागलाय.

१८ फेब्रुवारी, रविवार

लाज वाटते पण लिहायलाच हवं.

मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कपड्याला आमच्याकडे नंबराची चिठ्ठी टाचतात. ती मीच लिहिते, दुसरं कुणी नाही. आज फळीवर तिसऱ्यांदा फडकी सापडली, आणि उचलताना कोपऱ्यात पाहिलं — चिठ्ठी! चारही फडक्यांना. माझं अक्षर! एकीवर तर मी "अर्जंट" लिहिलंय!

मीच गोळा करत होते, मीच नंबर घालत होते, मीच धूत होते, आणि मीच गावभर बोंब मारत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बरं, आठवत काहीच नाही. हात आपले चालतात.

यांना सांगितलं. हे इतके हसले की खुर्चीतून घसरले. हसा!

१९ फेब्रुवारी

काकांच्या घरी गेले, हात जोडले. काकांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "वहिनी, पोरगी गेल्यापासून तुम्ही हाताला लागेल ते धुताय. मागच्या महिन्यात मी स्वेटर काढून खुर्चीला लावला होता. दुपारी पाहतो तर दोरीवर."

"मग बोलला का नाहीत?"

"स्वच्छ निघाला होता."

उद्यापासून येताहेत.

२१ फेब्रुवारी

मॅनेजर काही सुधारत नाहीत. फडकी आता कपाटात कुलपात, किल्ली काकांकडे. म्हणजे वासाचं सगळं रीतसर चाललंय. तरी हे महाशय मशीनमागे. बटणचं फडकं पाहून गुरगुरत नाहीत एवढीच काय ती प्रगती. आज ताटलीला तोंडही लावलं नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. विचारलं, "काकू, याला सगळ्यात लळा कुणाचा?"

"लेकीचा. पण ती नाही इथे. नोव्हेंबरात गेली."

"काकू, मी विचारलं होतं ना, काही बदललंय का?"

मग त्याच म्हणाल्या, तिचा एखादा न धुतलेला कपडा असेल तर त्याच्या टोपलीत घाला. ओळखीचा वास असला की धीर येतो, मग नवीन वासही चालवून घेईल.

वर गेले. कपाट उघडलं. स्वेटर, चादर, उशीचा अभ्रा, दुलई, तिची कापडी पिशवीसुद्धा — सगळं धुऊन, इस्त्री करून, रचून ठेवलेलं. ती गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी हे सगळं धुऊन काढलं होतं. कपाटात डोकं घालून एकेक कपडा हुंगला. साबण. नुसता साबण. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नसेल.

रडले. लिहून टाकते, नाहीतर उद्या म्हणेन वाफ गेली डोळ्यांत.

२२ फेब्रुवारी

लेकीला फोन.

"तुझे मळके कपडे पाठव."

"आई, तुला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीये? घातलेले पाठव. धुवायचे नाहीत."

"बाबांना फोन दे जरा."

तिचं तरी काय चुकलं! अठ्ठावीस वर्षं मी तिच्यामागे — मोजे काढ, शर्ट टाक, तो कालचा घालू नकोस. सगळं समजावल्यावर हसत सुटली. आणि मग एकदम, "मॅनेजर खरंच इतका आजारी होता? मला सांगितलं का नाही?" तुला ताण नको म्हणून, म्हटलं. "या घरात ना, फक्त मांजराला ताण येतो," म्हणाली.

हे जेवताना कुरकुरले. "कशाला पोरीला कामाला लावलंस? नोकरीला गेलीये, लढाईवर नाही. मांजराला कसली आलीय आठवण!"

२४ फेब्रुवारी, शनिवार

पार्सल आलं! मी नेमकी दातांच्या डॉक्टरकडे. यांनी घेतलं, यांनीच उघडलं. मी धावत आले, अर्धं तोंड बधिर — "धुतलं नाही ना?" नीट उच्चारही होईना. यांनी पिवळा शर्ट माझ्या हातात ठेवला. "लाव नाक."

लावलं. तीच.

टोपलीत घातला. मॅनेजर मशीनमागून आले, हुंगलं. थांबले. पुन्हा हुंगलं. मग शर्टात तोंड खुपसून पुढच्या पायांनी तो मळत राहिले, वीस मिनिटं तरी. काकांची इस्त्री थांबलेली, माझं मोजणं थांबलेलं. हे मात्र पाठ करून बाटल्या पुसत होते. शेवटी शर्टावरच झोप लागली मॅनेजरांना. घोरतात!

२५ फेब्रुवारी

वाळूत लघवीचा लिंबाएवढा गोळा! एकच, दणदणीत. मी ओरडले, हे आणि मी ट्रेवर वाकून बघत बसलो. तेवढ्यात शेजारीण डोकावली. "काय सापडलं?"

२७ फेब्रुवारी

दोन गोळे. बटणचं फडकं पिवळ्या शर्टाखाली सरकवलं. चाललं. दाराच्या अलीकडे एक ताटली, पलीकडे एक. दोघं जेवले. फटीतून बटणचा पंजा आला, मॅनेजरांनी पाहिला, आणि खात राहिले.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

महिनाअखेर. सकाळपासून यांच्या तोंडाकडे बघतेय.

दुपारी माझ्या हातून दार नीट लागलं नाही, आणि बटण सुटलं ते थेट टोपलीत. मी किंचाळले. मॅनेजरांनी एक चापट मारली. एकच, नखं न काढता. बटण लोळण घेऊन तिथेच पडलं. मग मॅनेजरांनी त्याचं डोकं पंजाखाली दाबून धरलं आणि कान चाटायला घेतले. जोर लावून, डाग काढतात तसे!

चार वाजता हॉटेलचा माणूस चादरी घेऊन आला. मी श्वास धरून विचारलं, "अहो, पिल्लाचं काय करायचं?"

हे मान वर न करता म्हणाले, "पावती आहे का त्याच्याकडे?"

नाही.

"मग द्यायचं कसं?"

२ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. मॅनेजरांची खबर, बटणचे फोटो, सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि निळ्या शर्टावर कॉफी सांडली होती गं. मॅनेजरला त्रास नाही ना झाला त्या वासाचा?"

निळा? दोन पाठवले होते म्हणे! माझ्या हातात एकच आला. म्हणजे यांनी दुसरा धुतला! कॉफीचा डाग दिसला आणि राहवलं नसणार! मला हसून खुर्चीतून घसरत होते. दुकानात गर्दी होती म्हणून हे वाचले. उद्या बघते.

३ मार्च, रविवार

हे जेवून झोपले, तेव्हा डागांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. ब्रशांच्या मागे प्लास्टिकची पिशवी, घट्ट गाठ मारलेली. आत निळा शर्ट. न धुतलेला. छातीवर कॉफीचा डाग, हाताएवढा, आठ दिवसांचा, तसाच्या तसा. मी एकदाच नाक लावलं, यांच्यासारखीच गाठ मारली आणि खण बंद केला. विचारणार नाही.